तंबाखू सोडवायलाही शिकावं लागतं

मधुमेहाच्या पेशंटला "साखर कमी करा बरं का" एवढंच सांगून कुणी डॉक्टर घरी पाठवत नाही. रक्त तपासतात, गोळी ठरवतात, खाण्यापिण्याचं समजावतात, पुढची तारीख देतात. साखर खाली आली नाही तर औषध बदलतात. "तुमच्यात जिद्दच नाही" असं म्हणून फाइल बंद करत नाहीत. तंबाखूच्या बाबतीत मात्र नेमकं तेच होतं. तपासणी संपते, औषधं लिहून होतात, आणि कागद हातात देता देता एक वाक्य येतं, "आणि ते सिगारेटचं बंद करा आता." पेशंट मान हलवतो. यातून काही होणार नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं.

ते वाक्य खोटं नसतं, बहुतेक वेळा कळकळीनंच आलेलं असतं. पण त्या वाक्याच्या पुढे काय करायचं, हे सांगणाऱ्याला कुणी शिकवलेलंच नसतं. तंबाखूनं फुप्फुसांचं काय होतं, रक्तवाहिन्या कशा आकसतात, तोंडात कर्करोग कसा सुरू होतो, हे वैद्यकीय शिक्षणात येतं आणि चांगलं खोलात येतं. समोर बसलेल्या माणसाची ती सुटावी म्हणून काय बोलायचं, कोणतं औषध किती आठवडे द्यायचं, तो पुन्हा ओढायला लागला तर काय करायचं, हा निराळा विषय आहे. टाके घालण्यासारखंच हे एक कौशल्य आहे. दाखवून शिकवावं लागतं, हाताखाली करून घ्यावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढांची तंबाखू सोडवण्याच्या उपचारांवरची आपली पहिली मार्गदर्शिका काढली ती जुलै २०२४ मध्ये. तेव्हा संघटनेनं मांडलेलं चित्र असं होतं: जगात सुमारे १२५ कोटी लोक तंबाखू वापरतात, त्यातल्या ६० टक्क्यांहून अधिकांना ती सोडायची आहे, आणि ७० टक्के लोकांपर्यंत परिणामकारक मदत पोहोचतच नाही. म्हणजे इच्छा आहे आणि औषधंही आहेत. कमी पडतात ती इच्छा आणि औषध यांच्यामधली प्रशिक्षित माणसं.

डॉक्टरांनी दोन मिनिटं सल्ला देऊन काय होणार, असं कुणी विचारलं तर १९७९ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेला मायकेल रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास सांगावा. लंडनमधल्या २८ फॅमिली डॉक्टरांकडे येणाऱ्या दोन हजारांवर धूम्रपान करणाऱ्यांचे त्यांनी चार गट केले. एका गटाला काहीच सांगितलं नाही. दुसऱ्याकडून फक्त प्रश्नावली भरून घेतली. तिसऱ्याला डॉक्टरांनी एक-दोन मिनिटांत सोडण्याचा स्पष्ट सल्ला दिला. चौथ्याला सल्ला, माहितीपत्रक आणि "मी पुढे विचारणार आहे" असं सांगितलं. महिनाभरात सोडून वर्षभर सुटलेलीच राहिली, असं पहिल्या गटात ०.३ टक्के लोकांचं झालं, तिसऱ्यात ३.३ टक्के आणि चौथ्यात ५.१ टक्के लोकांचं. आकडे लहान दिसतात. पण डॉक्टरांचे यासाठी गेले किती, तर एक-दोन मिनिटं. दिवसभरात त्यांच्यासमोर किती माणसं बसतात ते धरून हिशेब केला, तर इतक्या कमी वेळात इतकं देणारी उपचारपद्धत शोधूनही सापडणं कठीण आहे.

त्यात एक बारकावा आहे आणि प्रशिक्षणाचा गाभा मला तिथंच दिसतो. २०१२ साली आधीचे अभ्यास एकत्र करून दोन गोष्टींची तुलना झाली: पेशंटला "सोडा" असं सांगणं, आणि "सोडायला मी मदत करतो" असं म्हणणं. प्रकृतीसाठी सोडा असा सल्ला दिला, तेव्हा सोडण्याचा प्रयत्न करणाऱ्यांचं प्रमाण साधारण पाव पटीनं वाढलं. समुपदेशनाचा आधार देऊ केला, तेव्हा ते दुपटीच्या वर गेलं. आणि मदत देऊ करण्यासाठी पेशंटची सोडायची तयारी आहे का, हे आधी तपासत बसायची गरज नव्हती. समोर मदत दिसली की माणसाची तयारी व्हायला लागते. "पेशंटचीच इच्छा नसते हो" हे वाक्य ज्यांच्या तोंडात आहे, त्यांनी हा निष्कर्ष दोनदा वाचावा.

आता तंबाखूतल्या, सवय लावणाऱ्या निकोटिनकडे येऊ. जिद्दीचा मुद्दा मनातून जायचा असेल तर मेंदूत काय चालतं ते कळायला हवं. धुरातलं निकोटिन साधारण १० ते २० सेकंदांत मेंदूत पोहोचतं. तिथं पेशींवरच्या काही ठरावीक ग्राहींना (रिसेप्टर्सना) चिकटतं, डोपामिन हे सुखाची जाणीव देणारं रसायन सुटतं आणि बरं वाटतं. रोजच्या माऱ्यानं मेंदू या ग्राहींची संख्या वाढवतो. रक्तातलं निकोटिन मात्र साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. मग ते वाढलेले ग्राही रिकामे राहतात, माणूस अस्वस्थ होतो, चिडतो, लक्ष लागेनासं होतं. सिगारेट पेटवली की हे सगळं शमतं. पेशंट म्हणतो, "हिच्यामुळे माझा ताण जातो." त्याचा अनुभव खरा आहे, पण जो ताण गेला तो बराचसा आधीच्या सिगारेटनंच आणलेला होता. २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा सोडणाऱ्यांमध्ये चिंता, नैराश्य आणि ताण न सोडणाऱ्यांपेक्षा कमी झालेले दिसले. मानसिक आजार असलेल्यांमध्येही तसंच दिसलं. "आता तो आधीच तणावात आहे, त्याची सिगारेट कुठे काढून घेता" ही सहानुभूती पेशंटच्या बाजूची वाटते, पण त्याला ती महागात पडते.

सोडल्यावरचा त्रास काही तासांत सुरू होतो, पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतो आणि बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. एकेक तलफ काही मिनिटांची असते. पेशंटला हे आधी माहीत असेल तर तिसऱ्या दिवशीची तगमग त्याला "मला जमत नाही" याचा पुरावा वाटत नाही. हे सांगायला अर्धं मिनिट पुरतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

सवय किती घट्ट आहे ते ओळखायला कार्ल फागरस्ट्रॉम यांच्या नावाची सहा प्रश्नांची चाचणी आहे. वेळ नसेल तर त्यातला एकच प्रश्न विचारावा: सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात ओढता? रात्रभर निकोटिन मिळालेलं नसतं, म्हणून हा प्रश्न एवढा बोलका ठरतो. पाच मिनिटांच्या आत, असं उत्तर आलं तर नुसत्या गप्पांवर भागणार नाही, औषध लागेल. तंबाखू चघळणाऱ्यांसाठीही या चाचणीचं वेगळं रूप आहे. त्यात तंबाखूचा रस मुद्दाम गिळता का, हेही विचारतात.

कामाची चौकट म्हणून जगभर 'पाच ए', म्हणजे इंग्रजी 'ए'नं सुरू होणारी पाच पावलं, शिकवली जातात. मराठीत म्हणायचं तर विचारा, सांगा, तयारी जोखा, मदत करा, पुन्हा भेटा. नावं पाठ करायची गरज नाही. लक्षात ठेवायचं ते हे, की पहिली दोन पावलं बऱ्याच ठिकाणी पडतात आणि शेवटची दोन क्वचित. खरा उपचार मात्र त्या शेवटच्या दोनांतच आहे. ज्यांना खरोखर वेळ नाही त्यांच्यासाठी अर्ध्या मिनिटाचं छोटं रूप आहे: विचारा, सोडण्याचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे औषध अधिक समुपदेशन एवढं सांगा, आणि ते जिथं मिळतं तिथं पाठवा. यात तंबाखूच्या दुष्परिणामांवर एक शब्दही नाही. ते पेशंटला माहीत असतात.

बोलण्याच्या कौशल्यावर जरा जास्त थांबतो, कारण अनुभवी माणसंही इथंच अडखळतात. एक संवाद असा:

"किती ओढता?"
"आठ-दहा."
"अहो, एक्सरे बघा तुमचा. असंच चाललं तर काही खरं नाही. मुलांचा तरी विचार करा."
"कमी केल्यात डॉक्टर."
"कमी नाही, बंद करायच्या."
"हो."

हा शेवटचा "हो" म्हणजे होकार नव्हे. तो "मला आता जाऊ द्या" असा आहे. सोडण्याच्या बाजूचं सगळं डॉक्टरच बोलून मोकळे झाले, मग पेशंटला बोलायला एकच बाजू उरली. कुणीही आपल्याला ढकलायला लागलं की आपण पाय रोवतो, तसंच हे.

आता दुसरा संवाद पाहा.

"सिगारेटबद्दल दोन मिनिटं बोललो तर चालेल?"
"बोला ना."
"तुम्हाला तिचा उपयोग काय होतो?"
"रात्रपाळी असते. झोप आवरायला. आणि चार माणसांत उभं राहणं होतं तेवढंच."
"झोपही आवरते आणि सोबतही मिळते. आणि नको वाटतं असं काही?"
"जिना चढताना दम लागतो. मुलगी जवळ येत नाही, वास येतो म्हणते."
"ते मनाला लागतं."
"लागतं ना."
"आधी कधी सोडून पाहिली होती?"
"दोनदा. एकदा दीड महिना सुटली होती."
"दीड महिना! तो कसा काढलात?"

इथं दम आणि मुलगी दोन्ही पेशंटच्या तोंडून आले. स्वतः बोललेलं कारण माणसाला बांधून ठेवतं, ऐकवलेलं नाही. दीड महिन्याकडे अपयश म्हणून न बघता त्यातून काय साधलं होतं हे विचारलं, की पुढच्या प्रयत्नाची सामग्री मिळते: तेव्हा काय उपयोगी पडलं, आणि कोणत्या दिवशी, कुणाबरोबर असताना पुन्हा हातात आली. या पद्धतीला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात. तिच्यातला मला सगळ्यात आवडणारा प्रश्न असा आहे. "सोडता येईल याची खात्री शून्य ते दहामध्ये किती?" असं विचारायचं. पेशंट "चार" म्हणाला, तर "फक्त चारच?" असं न म्हणता, "एक नाही म्हणालात, चार का?" असं विचारायचं. पहिल्या प्रश्नावर तो अडचणी मोजेल, दुसऱ्यावर स्वतःची ताकद मोजेल.

औषधांबद्दल गैरसमज पेशंटइतकेच डॉक्टरांतही आहेत. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बहुसंख्य डॉक्टरांनी निकोटिनमुळे थेट कर्करोग होतो, असं उत्तर दिलं होतं. निकोटिन माणसाला जखडतं. कर्करोग आणतात ती मुख्यतः धुरातली इतर घातक रसायनं आणि चघळण्याच्या तंबाखूतली नायट्रोसामाइन्स नावाची रसायनं. हा फरक लिहून देणाऱ्यालाच पटलेला नसेल, तर तो अंगावर चिकटवायची निकोटिनची पट्टी भीत भीत, कमी ताकदीची आणि कमी दिवसांसाठी देतो. मग ती लागू पडत नाही, आणि "पट्टीचा काही उपयोग नाही" असा समज पक्का होतो. शंभराहून अधिक चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष असा, की पट्टी, गम वगैरे रूपांत निकोटिन दिल्यानं सोडण्यात यश येण्याची शक्यता ५० ते ६० टक्क्यांनी वाढते. पट्टी दिवसभर मंद पुरवठा करते, गम किंवा गोळी तलफेच्या क्षणी कामी येते, आणि दोन्ही मिळून एकट्यापेक्षा चांगला परिणाम देतात.

गम कसा वापरायचा हेही दाखवावं लागतं. नेहमीच्या च्युइंगगमसारखा तो चघळत राहायचा नसतो. थोडा चावायचा, चुणचुण जाणवली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचा, चुणचुण गेली की पुन्हा थोडा चावायचा, असं साधारण अर्धा तास. निकोटिन तोंडाच्या अस्तरातून शोषलं जातं. भराभर चावून गिळलं की उचक्या लागतात, मळमळतं, आणि पाकीट दुसऱ्याच दिवशी कपाटात जातं. कॉफी किंवा आंबट पेय प्यायल्यावर लगेच घेतला तरी शोषण नीट होत नाही. असल्या बारीकसारीक गोष्टींवर उपचार टिकतो की मोडतो हे ठरतं.

व्हरेनिक्लिन हे औषध त्याच ग्राहींना चिकटतं, पण त्यांना अर्धवटच जागं करतं. त्यामुळे तलफ कमी होते आणि वर सिगारेट ओढली तरी नेहमीची मजा येत नाही. सोडण्याच्या तारखेच्या साधारण आठवडाभर आधी सुरू करून बहुधा १२ आठवडे देतात. त्यानं मानसिक त्रास वाढतो अशी भीती बरीच वर्षं होती, आणि अमेरिकेत त्याच्या वेष्टनावर तसा ठळक इशाराही आला होता. आठ हजारांवर लोकांच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली आले. त्यात मानसिक आजार असलेले लोकही मुद्दाम घेतले होते, आणि तसा धोका लक्षणीय वाढलेला दिसला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस तो ठळक इशारा काढण्यात आला. बातमी भीतीची होती तोवर सगळीकडे पोहोचली, भीती फिटल्याची तेवढी पोहोचली नाही. ब्युप्रोपिऑन हे मुळात नैराश्यावरचं औषधही उपयोगी आहे, मात्र फिट येण्याचा इतिहास असलेल्याला ते देत नाहीत. २०२४ च्या मार्गदर्शिकेत निकोटिन, व्हरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन यांच्याबरोबर सायटिसिन या औषधाचीही शिफारस आहे.

आणखी एक गोष्ट, जी प्रत्येक प्रशिक्षणात असायला हवी आणि बऱ्याचदा नसते. तंबाखूच्या धुरामुळे यकृतातलं एक विकर (एन्झाइम) जास्त जोरात काम करतं आणि काही औषधं लवकर संपवतं. मानसिक आजारांवरची क्लोझापिन, ओलान्झापिन आणि दम्यावरचं थिओफिलिन ही त्यातली. पेशंटनं धूम्रपान सोडलं की विकर मंदावतं आणि त्याच मात्रेत औषधाची रक्तातली पातळी चढते. म्हणून सोडायच्या आधीच चालू औषधांची यादी बघून मात्रेवर लक्ष ठेवावं लागतं. कॅफिनही त्याच वाटेनं जातं. तेवढीच कॉफी प्यायली तरी सोडल्यावर ती जास्त चढते, झोप जाते, हात थरथरतात, आणि बिचारा पेशंट समजतो की हे सिगारेट सोडल्यामुळेच. कॉफी निम्मी करा, एवढं सांगणाऱ्या नर्सनं त्याचा आठवडा वाचवलेला असतो. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, म्हणून पट्टी लावली तरी तो टळत नाही.

एकदम सोडावी की हळूहळू? २०१६ च्या एका चाचणीत ठरवलेल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोकांची चार आठवड्यांनंतर सुटलेली होती, दोन आठवड्यांत कमी करत नेणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांची. तरी हळूहळूच जमेल म्हणणाऱ्याला परत पाठवू नये. तोही सोडायलाच आलेला आहे.

हे सगळं व्याख्यानानं येत नाही. स्लाइड बघून कुणी प्रश्न विचारायला शिकत नाही, तसं गप्प बसायलाही शिकत नाही. जोड्या पाडून एकानं पेशंट व्हायचं, दुसऱ्यानं डॉक्टर, तिसऱ्यानं बघून टिपणं काढायची, आणि मग पुन्हा तेच करायचं, असा सराव लागतो. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावरच्या १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१२ साली निघाला. त्यात प्रशिक्षित कर्मचारी पेशंटबरोबर सोडण्याची तारीख ठरवतात, पुढची भेट ठरवतात, समुपदेशन करतात, याचं प्रमाण वाढलेलं दिसलं, आणि त्यांच्या पेशंटमध्ये सोडणाऱ्यांचं प्रमाणही वाढलेलं होतं.

फक्त डॉक्टरांना शिकवून मात्र भागत नाही. पेशंटजवळ सगळ्यात जास्त वेळ नर्स असते. तोंडातला पांढरा चट्टा आधी दंतवैद्याला दिसतो, आणि आरसा धरून तो पेशंटला दाखवता येतो. गम विकत देताना फार्मासिस्टच समोर असतो. केसपेपरवर तंबाखूची नोंद रक्तदाबाइतकी अटळ नसेल, तर शिकलेलं महिनाभरात विसरलं जातं. रुग्णालयात दाखल झालेल्या पेशंटच्या बाबतीत दिसून आलं आहे, की घरी गेल्यावर किमान महिनाभर पाठपुरावा झाला तरच तिथल्या समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो. म्हणजे कुणीतरी फोन करायला हवा, आणि ते कुणाचं काम हे आधी ठरलेलं हवं. त्या फोनवर काय बोलायचं, हाही सरावाचा भाग आहे. "सुटली का?" असं विचारलं तर ज्यानं काल एक ओढली तो खोटं बोलेल किंवा फोन उचलणार नाही. "कसे गेले दिवस? सगळ्यात अवघड वेळ कोणती होती?" असं विचारलं तर तो सांगेल. एक सिगारेट म्हणजे सगळं वाया गेलं, असं पेशंटला वाटत असतं. तसं नाही, आणि आज पुन्हा थांबता येतं, हे त्याला त्याच दिवशी कळणं महत्त्वाचं. आठवडाभरानं कळून उपयोग नसतो.

प्रशिक्षणाला येणाऱ्यांत स्वतः तंबाखू वापरणारेही असतात. त्यांना शरमेनं मागच्या बाकावर बसवू नये. पहिली मदत त्यांनाच मिळावी. धूम्रपानानं आयुष्य किती घटतं आणि सोडल्यानं किती परत मिळतं हे आपल्याला डॉक्टरांमुळेच कळलं. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी १९५१ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पत्रं पाठवून त्यांच्या सवयी विचारल्या आणि ३४ हजारांवर पुरुष डॉक्टरांचा पुढे पन्नास वर्षं मागोवा घेतला गेला. धूम्रपान करत राहिलेले डॉक्टर सरासरी दहा वर्षं आधी गेले. ज्यांनी तिसाव्या वर्षाच्या सुमारास सोडलं त्यांना ती जवळपास सगळी दहा वर्षं परत मिळाली, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांना नऊ, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सहा. आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांना तीन.